आबांनी धुतलेलं लाल शैवाल

त्या सकाळी धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या घरात मी उशिरा उठले आणि बघते तर ओट्यावर परातीत गुलाबी पाणी… वाटलं, कुणी रंग कालवून ठेवलाय. मग त्या पाण्यात माझं समुद्रशैवाल दिसलं.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद साल असेल. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय बॉटनी. आदल्या दिवशीच आमची टूर कोकणातून धुळ्याला परत आली होती. समुद्र बहुतेकींनी पहिल्यांदाच पाहिला… पुस्तकातल्या आकृत्या मात्र तोंडपाठ!

ओहोटीला एका खडकाच्या कपारीत मला हे गडद लाल, झुबकेदार शैवाल सापडलं. जेमतेम बोटभर उंच. आमच्या मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही नेहमीची जात दिसत नाही गं. दुर्मिळ असेल." अख्ख्या वर्गात ते एकच.

नमुने टिकवायचं फॉर्मॅलिन संपलेलं, म्हणून समुद्राच्याच पाण्यात, बरणीत घालून त्यांनी ते माझ्या ताब्यात दिलं. खोटं कशाला बोलू, मायक्रोस्कोपसाठी पातळ सेक्शन कापण्यात वर्गात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांपुढे मी हेच मांडणार होते.

आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे शेतकरी, आता कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्या दिवशी त्यांना सुट्टी. मी झोपलेली बघून त्यांनी बरणी उघडली, पाणी बोटाने चाखलं आणि सरळ मोरीत ओतून दिलं… मग शैवाल तीन पाण्यांतून खळबळून नळाच्या पाण्यात ठेवलं.

"खारं पानी व्हतं ना बेटा, झाड जळी जातं. म्हनीसन धुई काढं," आबा म्हणाले. शेतातल्या माणसाच्या हिशेबाने बरोबरच होतं ते. पण समुद्रशैवालाचं नेमकं उलटं… गोडं पाणी त्याला सोसत नाही, लाल रंग पाण्यात उतरतो.

मी भडकले. "तुमले काय समजस त्यामा?" असं तोंडावर बोलले. आबा ओले हात पुसायचेही विसरले.

दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन तो फिकट झुबका मॅडमपुढे नेला. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "रंग गेला. अंग तर शाबूत आहे ना? काप आणि बघ," एवढंच म्हणाल्या.

फांदीचा एक तुकडा नीट कापता यावा म्हणून गाजराच्या खाचेत धरला आणि ब्लेडने पातळ काप घेतले. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मी जागेवरच उडाले! मध्ये एक मोठी पेशी, आणि तिच्याभोवती गोल कडं करून बसलेल्या बाकीच्या… एकेक सुटी दिसत होती. रंग असता तर हे सगळं लाल गचपण दिसलं असतं.

पुस्तकातल्या नेहमीच्या जातीत त्या कड्यात चार पेशी. मी मोजल्या, दहा भरल्या. मग फांदी आडवी ठेवून पाहिली, तर एका पेशीतून दुसरीत गेलेले बारीक टाके. आणि टोकाकडे चक्क छोट्या मडक्यांसारखे बीजाणूंचे कोश… तोंडाला भोक असलेले. तीन आठवडे मी त्याच्याच आकृत्या काढत बसले, पेन्सिल झिजेपर्यंत.

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी माझा पांढुरका नमुना पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे लाल शैवाल? यात लाल काय आहे?"

"रंग आमच्या घरी धुतला गेला, सर. पण रचना बघा." मी स्लाइड पुढे सरकवली. त्यांनी पेशी मोजल्या… परत मोजल्या. दुसऱ्या परीक्षकांना बोलावलं. शेवटी म्हणाले, "मुली, यातली एक स्लाइड आमच्या डिपार्टमेंटला देशील?" मार्कांचं सोडा, मला तिथेच सगळं मिळालं.

त्याच आठवड्यात मॅडमची परवानगी काढून आबांना लॅबमध्ये नेलं. चपला बाहेर काढून ते आत आले. एक डोळा मिटून मायक्रोस्कोपमध्ये बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माले वाटनं व्हतं, मी त्याले मारी टाकं."

म्हणजे ते तीन आठवडे मी आकृत्या काढत होते, आणि हा माणूस मनात हे घेऊन रोज कामावर जात होता… मला पत्ताच नव्हता.

आबा, परीक्षेच्या आनंदात तेव्हा सांगायचं राहून गेलं. तुम्ही त्या झाडाला वाचवायला गेला होतात आणि मी तुम्हाला नको ते बोलले. माफ करा मला.