भिंतीवरचं ॲलॅनिन

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंतवाली म्हणत. उमेदीची सगळी वर्षं बाईंनी जंतूंच्या भिंतींपायी घालवली, मग दुसरं काय म्हणणार? काही जंतूंना जांभळा रंग दिला की धुतला तरी सुटत नाही, कारण त्यांची भिंत जाडजूड असते. त्या भिंतीत मुळं रोवून लांबलचक धागे बाहेर आलेले असतात, ते टायकोइक आम्लाचे. धाग्यांना जागोजागी ॲलॅनिन नावाचा चिमुकला रेणू लटकलेला असतो. तो असला की काही औषधांची जंतूपुढे डाळ शिजत नाही. अशा बहुतेक जंतूंच्या धाग्यांवर तो सापडतोच. हिच्या जंतूच्या धाग्यांवर मात्र तो सापडत नव्हता, आणि तिचा अख्खा प्रबंध त्या एका ‘नाही’वर उभा होता.

“नाही ते शोधायला एवढी वर्षं लागतात?” नवरा विचारायचा. चिडवायला नव्हे, बिचाऱ्याला खरंच कळत नसे. “नसलेलं दाखवायलाच जास्त लागतात,” ती म्हणे आणि भांडी जरा आपटूनच ठेवी. शिष्यवृत्ती संपत आली होती. यंदा प्रबंध गेला नाही तर कॉलेजातली कबूल झालेली नोकरीही जाणार होती.

प्रबंधाचा शेवटचा प्रयोग चालू होता, आणि नेमक्या त्याच दुपारी सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. फोन आला तेव्हा भिंती धुऊन तयार होत्या. तिच्या मार्गदर्शक सरांची रीत अशी, की धुतलेल्या भिंती किंचित अल्कलीच्या उबदार द्रावणात रात्रभर भिजवायच्या, म्हणजे चिकटलेली प्रथिनं सुटतात. मग द्रावण ओतून टाकायचं, उरलेल्या गाळातून धागे सोडवायचे आणि ते यंत्रात घालायचे. उद्या येता येईल की नाही कोण जाणे, म्हणून तिने न भिजवता, धागे न सोडवताच नमुना यंत्रात सरकवला आणि धावत सुटली. सासूबाईंचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. ती परत कामावर आली तेव्हा आलेखावर ॲलॅनिन दिसायच्या जागी हा भलाथोरला उंचवटा.

“अगं, ॲलॅनिन भिंतीच्या विटांतही असतं, प्रथिनांतही असतं,” सर म्हणाले. “भिजवलं नाहीस, धागे सोडवले नाहीस, मग दुसरं काय दिसणार?”

बरोबरच होतं. तिने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. पण मनातली पाल चुकचुकायची थांबेना. शेवटी तिने एकाच भांड्यातल्या भिंतींचे दोन वाटे केले. एक सरांच्या द्रावणात भिजवला, दुसरा जरा आंबट द्रावणात. आंबटातल्या धाग्यांवर ॲलॅनिन जागच्या जागी होतं. सरांच्या द्रावणातल्या धाग्यांवर नावालाही नाही. मग तिने ओतून टाकायचं ते पाणीच यंत्रात घातलं. सगळं ॲलॅनिन त्या पाण्यात होतं. अल्कलीने ते रातोरात सुटत होतं, आणि ही बाई वर्षानुवर्षं ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने मोरीत ओतत होती. ती स्टुलावर बसली आणि रागाने रडली.

सरांनी तिन्ही आलेख पाहिले. “म्हणजे हा जंतू इतरांसारखाच निघाला. मग नवीन काय उरलं?”

“काही नाही उरलं.”

“जुने आकडे आहेत ना? तेच लिही आणि मोकळी हो. कोण बघायला येतंय?”

“आणि रात्रभर भिजवायचं ठरवलं कुणी, सर?”

सरांनी आलेख टेबलावर ठेवले. “मी,” ते म्हणाले. “माझा प्रबंधही त्याच रीतीवर आहे.”

“मी खोटं नाही लिहिणार,” ती म्हणाली आणि दार आपटून निघाली. डोक्यात नुसती आग. कडू बोलायची सगळी वाक्यं तिने मनात जुळवून ठेवली. सर सही देणार नसतील तर वरपर्यंत जायचं, सगळ्यांसमोर विचारायचं, माणसाची काही भीडभाड ठेवायची नाही.

संध्याकाळच्या आत सरच तिच्या टेबलापाशी आले. हातात काचेची एक जुनी, तोंड बंद केलेली कुपी होती. “माझा जंतू,” ते म्हणाले. “वाळवून ठेवला होता. याच्याही धाग्यांवर ॲलॅनिन नाही, असं लिहिलंय मी प्रबंधात. बघ. दोन्ही रीतींनी.”

तिने जंतू वाढवला, भिंती धुतल्या, वाटे केले. निकाल आला तसा आलेख घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी तो हातात घेतलाच नाही. “आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे, सर. भरपूर आहे.”

“तुझ्या आधी किती जणांना मी हेच शिकवलं,” सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले. “लिही. खरं तेच लिही. सही मी करतो. पण हे सगळं पुन्हा करायला तुला वर्षं लागतील गं, आणि तेवढी माझ्याकडे तुला द्यायला नाहीत.”

ती उभी राहिली. जुळवून आणलेली वाक्यं सगळी पाठ होती. पण तिने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि समोरच्या खुर्चीत बसली. नोकरी गेली होती, प्रबंध गेला होता, आणि आता ज्याच्यावर मनसोक्त चिडावं असं कुणीही उरलं नव्हतं.