लांडगा कुठाय?

चष्मा कपाळावर सरकवायचा, माझ्या स्क्रीनकडे वाकून बघायचं आणि विचारायचं, "लांडगा कुठाय? दाखव की मला." ही ताईंची रीत.

मी पुण्याचा. बंदूक पाहिली होती ती बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर. आणि नोकरी लागली ती लंडनच्या क्रॉयडनमध्ये, शॉटगन बाळगणाऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका संघटनेत. सभासदांना ईमेल पाठवायचं माझं काम, आणि ताई माझ्या वरिष्ठ. लंडनमधल्याच हॅरोत वाढलेल्या. रविवारी हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या गोळी झाडून फोडायच्या आणि सोमवारी डब्यात थालीपीठ आणायच्या.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडात कसले बंदुकीचे हक्क? खरं आहे. इथे बंदूक म्हणजे पोलिसांचा परवाना आणि घरात कुलूपबंद पोलादी कपाट. पण ते कपाट कोणीतरी उघडायला येणार आहे असं वाटल्याशिवाय माणसं वर्गणी भरत नाहीत, हे मला लवकरच कळलं. मंत्री नुसता शिंकला तरी आमचे सभासद वाढायचे. सगळं सुरळीत असलं की डायरेक्टरांचा चेहरा पडायचा.

माझ्या आधी कधीतरी 'ते तुमच्या बंदुका न्यायला येताहेत' असा ईमेल खुद्द ताईंनीच लिहिला होता. कार्डिफजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तो खरा मानला. दारात पोलीस येण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं, म्हणून वडिलांची बंदूक तो स्वतः जमा करून आला. पोलिसांनी ती नष्टही केली. ताई ट्रेनने त्याच्याकडे गेल्या आणि समोर बसून माफी मागितली.

"धोका नव्हताच रे," त्या मला म्हणाल्या. "मी उगाच सगळ्यांना पॅनिक केलं, आणि त्याच्या बाबांची आठवण गेली."

तेव्हापासून लांडगा दिसल्याशिवाय ओरडायचं नाही, हा त्यांचा नियम. मी एकदा लाल अक्षरांत 'शेवटची संधी!' असं लिहून नेलं. "कसली रे शेवटची? लग्न जमवतोयस का कोणाचं?" म्हणाल्या आणि खोडून टाकलं.

मागच्या हिवाळ्यात सभासद फारच गळायला लागले. कुठल्याशा सभेत एक खासदार बंदुकांविरुद्ध चार वाक्यं बोलला होता. डायरेक्टर म्हणाले, "हे वापरा. लोक घाबरले नाहीत तर हे ऑफिस बंद पडेल." ते खोटं बोलत नव्हते, हेही सांगायला हवं.

ताईंचा चष्मा कपाळावर गेला. "धिस इजन्ट इव्हन अ कॅट," त्या म्हणाल्या. डायरेक्टरांना काही कळलं नाही. मला मात्र हसू आवरेना.

जागेवर येऊन त्यांनी स्वतःच्या नावाने ईमेल लिहिला. 'सध्या तुमची बंदूक कोणीही नेत नाही. तशी वेळ आली तर मी स्वतः सांगेन. कपाटाला कुलूप लावा, रविवारी भेटू.'

"पाठव," म्हणाल्या.

"ताई, अहो, जॉब जाईल तुमचा."

"जॉब दुसरा मिळेल. त्या म्हाताऱ्याला बंदूक मिळाली का दुसरी, बाबांची?"

ईमेल गेला, आणि जॉबही गेला. डबा पिशवीत टाकून ताई ट्रामने निघून गेल्या. इतकी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि रडूही आलं.

ह्या वसंतात लांडगा खरंच आला. नियम कडक करण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. आम्ही लाल अक्षरांत कळवलं, पण लाल अक्षरं आता दर आठवड्याला जात होती. कोणी फारसं हललं नाही. फोन आला तो कार्डिफच्या म्हाताऱ्याचा. आता शेतावर त्याच्या मुलाची बंदूक होती.

"हे ती म्हणतेय का?" त्याने विचारलं.

मी ताईंच्या खुर्चीकडे पाहिलं. "ती आता इथे नसते."



"ती म्हणाली होती, वेळ आली तर मी सांगेन," तो म्हणाला. "मग आता आम्ही विचारायचं कुणाला?"