मावशी नव्हे, सुगत पाईकराव

‘मावशी गेली’ असं एका स्टेटसवर वाचलं. साखरा गावातली माझी सख्खी मावशी बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती. हिंगोलीत माझं ब्यूटी पार्लर आहे. खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं, एक भुवई झालेली, एक राहिलेली. तिला तशीच सोडून मी साखऱ्याला फोन लावला, तर फोन मावशीनंच उचलला. म्हणाली, “काय गं, काहून रडून राहिलीस?” मी रडता रडता हसायला लागले. हसतच फोन ठेवला आणि पाहते तर ज्याच्या त्याच्या स्टेटसवर तेच... ‘आपली मावशी हरपली’, ‘मावशी, परत ये’, आणि खाली फोटोत माझ्या हिरव्या साडीतला माझा चुलतभाऊ. सुगत. आखाडा बाळापूरजवळ ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं होतं. तिशीसुद्धा गाठली नव्हती पोरानं. त्याच्या जाण्याची बातमी मला दुसऱ्याच्या नावानं कळली, याचा राग अजून जात नाही. कोणावर काढू तेही कळत नाही.

ही मावशी जन्मली माझ्याच पार्लरमध्ये. कॉलेज सोडून सुगत नुसता फिरत होता. एके दिवशी माझी साडी नेसला, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि बसस्टँडवर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारायला लागला, “कोणाचं रं लेकरू तू?” झालं. त्याचा व्हिडिओ घरोघरी पोचला आणि एवढ्या एका वाक्यावर पोराचं नशीब फिरलं. मराठवाड्याबाहेरच्यांना त्यात हसण्यासारखं काय ते कळणार नाही. आमच्याकडे अनोळखी पोरगं दिसलं की म्हातारी माणसं हेच विचारतात. मग बापाचं नाव, मग आडनाव, मग घर कुठल्या अंगाला... तेवढ्यात सगळं कळून जातं. पुढे चहा कपात द्यायचा की वेगळ्या ग्लासात, ते पूर्वी त्यावरून ठरायचं. आता तसं काही राहिलं नाही, असं लोक सांगतात. सांगू देत.

मावशी फोफावली. दुकानांची उद्घाटनं, लग्नाच्या वराती, नरसीच्या देवळात गेला तर दर्शनाची रांग सोडून बायका सेल्फीला धावल्या. मेकअप मीच करायची आणि शिव्याही मीच घालायची, कारण दाढी नीट न करता यायचा आणि माझं फाउंडेशन संपवायचा. भानगडीही झाल्या. एका व्हिडिओत मावशी रुसलेल्या वरमाईची नक्कल करते, तर एका घरानं ती आपल्यावरच घेतली. दहा-बारा माणसं दारात आली, कान धरून माफी मागायला लावली, आणि तो माफीचा व्हिडिओ मूळ व्हिडिओपेक्षा जास्त चालला. सुगतला त्याचं हसू यायचं. मला नाही आलं.

गंमत अशी की दुनियेला ‘तू कोणाचा’ विचारणाऱ्या मावशीला उलटून कोणी कधी विचारलं नाही. ते त्याला आतून खात असावं. बसल्या जागी पाय हलवायचा, बोलता बोलता उठून दाराशी जायचा, परत यायचा. एक दिवस खुर्चीत बसला, मी ब्रश हातात घेतला तर माझं मनगट धरून म्हणाला, “ताई, लोक मला हसून राहिले का तुझ्या साडीला?” मी म्हटलं, पैसे मिळतात ना, मग गप बस. तो गप बसणाऱ्यांतला असता तर काय पाहिजे होतं!

मग त्यानं रॅप काढलं. ना साडी, ना कुंकू. आपल्याच वस्तीत, निळ्या कमानीखाली उभं राहून:

कोणाचा रं तू, पुसतो गाव
घे लिहून, आडनाव पाईकराव
इसरला तर पुन्हा इचार
पाठ होईल माझं नाव

काय सांगू, आग लागली. काल-परवापर्यंत ‘मावशी, लव्ह यू’ लिहिणारे लिहायला लागले, की ह्यानं आता जात मध्ये आणली. जणू आधी ती नव्हतीच! ते त्यानं सोसलं. पण आपल्याच माणसांनी ऐकवलं, की इतकी वर्षं कुंकू लावून नाचलास तेव्हा आडनाव कुठं ठेवलं होतंस? ते मात्र त्याला लागलं. दोन्हीकडून मार खाणाऱ्या मृदंगासारखी गत झाली त्याची. काकू, म्हणजे त्याची आई, तर हात जोडायची. म्हणायची, “बाबू, हसवून राहिला तवर लोक जीव लावतेत. नाव काहून सांगतो? नावानं काय भेटलं आपल्याला?” तो म्हणायचा, नाव भेटलं. मग दोघं दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत.

त्याला एकच पाहिजे होतं. हे गाणं गावात, चौकात, सगळ्यांच्या समोर म्हणायचं. पुण्या-मुंबईच्या पोरांनी बोलावलं, तिकडे टाळ्या पडल्या, पण त्यानं त्याचं समाधान होईना. शेवटी गावातल्या एका मंडळानं कार्यक्रमाला बोलावलं, अट एकच, मावशी करायची. हा गेला साध्या शर्टावर. दोन ओळी झाल्या आणि माईक बंद पडला. फ्यूज गेला म्हणाले. दिवे मात्र चालूच होते. हा तसाच उघड्या गळ्यानं म्हणत राहिला, पण पुढच्या दोन रांगांपलीकडे काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये येऊन तोंड खसाखसा धूत बसला, तोंडाला काही लावलेलं नसताना. मी त्याला टॉवेल दिला आणि पाठीवर एक धपाटा घातला.

तो गेल्यावर चौकात केवढं बॅनर लागलं. फोटो मावशीचा, खाली ‘सर्वांची लाडकी मावशी’. नाव नाही. मी तिथंच भर रस्त्यात तोंड सोडलं. बॅनरवाला बिचारा म्हणाला, ताई, याच फोटोनं ओळखतेत लोकं. माझ्या फोनमधला शर्टावरचा फोटो दिला, नाव सांगितलं. नवीन बॅनर आलं, त्यावर ‘सुगतभाऊ’. आडनाव जागेअभावी राहिलं म्हणे! जागा हातभर रिकामी होती.

पुण्यानुमोदनाला गाव लोटलं होतं. जेवणं उरकली, माणसं अंगणात बोलत बसली, आणि काकू कुठं दिसेना. शोधत गेले तर त्याच्या खोलीत. ही खोली त्यानं रेकॉर्डिंगसाठी केलेली, भिंतभर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकीला जुनी गादी ठोकलेली. आत त्याच्या अंगाचा वास अजून तसाच आहे. काकू जमिनीवर बसली होती, मांडीवर त्याचा स्पीकर. तिनं ते गाणं कधीच पुरतं ऐकलं नव्हतं. मला म्हणाली, लाव. मी लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती, ‘पाईकराव’ आलं तेव्हा तिचे ओठ हलले. गाणं संपल्यावर मी दार किलकिलं करून पाहिलं, तर बाहेरची माणसं बोलतच होती. कोणी इकडे वळूनही पाहिलं नाही.

“भाईर जाऊन नाही राहिलं का गं?” तिनं विचारलं.

“नाही काकू. आवाज जाऊ नये म्हणूनच तर हे ट्रे.”

ती भिंतीला धरून उठली, दाराची दोन्ही फळकं सताड उघडली आणि स्पीकर उचलून उंबऱ्यावर ठेवला, तोंड अंगणाकडे.

“आता लाव,” म्हणाली. “मोठ्यानं.”