सुखदेवचं गाणं आणि माझा जळफळाट

विडीच्या कारखान्यात हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, त्यामुळे किस्से साचायला वेळ लागत नाही. इंग्रजांच्या राजवटीतले, गोंदियाच्या आमच्या कारखान्यातले कितीतरी आहेत. वाईट एवढंच, की सगळ्यांचा नायक सुखदेव, आणि मी आपला त्याच्या शेजारी बसणारा!

*

आम्हा महारांची रांग वेगळी, दाराजवळ. प्यायचं पाणी वरून, ओंजळीत. विड्या मात्र आमच्या हातच्या सगळा मुलूख ओढायचा!

रांगेचा रिवाज असा, की एकानं गायचं आणि त्याचं काम अडू नये म्हणून बाकीच्यांनी आपल्या थोड्या विड्या त्याच्या सुपात टाकायच्या. सुखदेवचं सूप कायम भरलेलं. एकदा मीही स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. सुपात विडी एक नाही, वर सल्ला!

"तू वळतच राय बाप्पा, हात चांगला आहे तुहा!"

*

सुखदेवनं नवं गाणं जोडलं, "हातचं पाणी चालेना रे, हातची विडी गोड कशी?"

तो गात असतानाच सेठ आला, तोंडात पेटती विडी. "क्या गा रहे हो?"

सुखदेवनं पुन्हा म्हटलं, अगदी सावकाश! सेठला विडी ओढवेना, आणि स्वतःच्याच कारखान्याची म्हणून फेकवेना. बोटाला चटका बसेपर्यंत तसाच उभा!

रांग हसून लोळली. मीही हसलो, पण आतून जळलो. विड्या मीही त्याच वळत होतो, पाणी तसंच पीत होतो. ही ओळ मला का नाही सुचली?

*

घरीही सुटका नव्हती. बायको धान कांडताना तेच गाणं म्हणायची.

"माहं काऊन नाही म्हणत?"

"तुमच्या गाण्यात मुसळ अडकते!"

*

दिवाळीनंतर तिरोड्याकडच्या एका गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, होती. सुखदेवचं गाणं तोवर गावोगाव पोचलं होतं; तिथल्या पाटलानं आधीच बजावलं होतं, ते गाणं जत्रेत ऐकू आलं तर जोडणाऱ्याचे हातपाय मोडू. आम्ही गेलो आणि अख्ख्या रांगेनं मिळून ते म्हटलं.

पाटलाची माणसं लाठ्या घेऊन आली. "कोनं जोडलं बे हे गाणं?"

सुखदेव उठायच्या आत मी उभा राहिलो.

"मीनं!"

सुखदेवनं माझं धोतर धरून मला खाली खेचलं आणि ओरडला, "बस बे! गाणं माहं आहे, मार बी माहाच!"