थांबाजी पेंटर

गाडी समोर आली की थांबाजी आधी डोळे मिटून घेत. मग उजव्या हाताचा तळवा पत्र्यावरून सावकाश फिरवत, आजारी गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा. कुठे खळगा आहे, कुठे जुन्या रंगाखाली लांबीचा लेप भरलेला आहे, कुठे गंज आतून वर येतो आहे, हे त्यांना बोटं सांगत. डोळे उघडे ठेवून का पाहत नाही, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं. म्हणाले, "डोये रंगावर भुलते, गुरुजी. हात नाई भुलत."

त्यांचं खरं नाव तळेगावात फार थोड्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं की त्यांचं उत्तर "थांबा जी"पासून सुरू व्हायचं. गाडी आज मिळेल का? थांबा जी, सुकू द्या. दुसरा हात मारता का? थांबा जी, पहिल्याले बसू द्या. चहा घेता? थांबा जी, हात धुतो. म्हणून ते थांबाजी. या नावाचा त्यांना राग नव्हता. "मायबापानं देल्लं नाव फुकटात भेटलं. हे कमावलं," असं म्हणून हसायचे.

आर्वीच्या रस्त्याला एका कडुनिंबाखाली त्यांचा कारखाना. कारखाना हा त्यांचाच शब्द. प्रत्यक्षात एक काँप्रेसर, रंगाच्या डब्यांची लोखंडी पेटी, पाण्याचा ड्रम आणि बसायला फाटक्या सीटचा तुकडा. वर छप्पर नव्हतं. पाऊस आला की काम बंद, आणि पाऊस उघडला तरी दोन दिवस बंदच, कारण ओल असताना रंगाला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम. लोक कंटाळून दुसरीकडे जात. थांबाजी निंबाच्या बुंध्याला टेकून त्यांना जाताना पाहत. एक पत्र्याची शेड उभारायची एवढीच त्यांची इच्छा होती. चार खांबांच्या जागा त्यांनी विटा ठेवून आखूनही ठेवल्या होत्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी वर्ध्याहून एक जुना छोटा ट्रक घेतला आणि पुस्तकांचं फिरतं दुकान सुरू केलं. आष्टीचा बाजार, तळेगावचा बाजार, जयंतीच्या सभा, असं फिरायचं. मागच्या हौद्यावर फायबरचा टप होता. एके काळी तो निळा असावा. उन्हाने त्याचा रंग धुतलेल्या गणवेशासारखा झाला होता. थांबाजींनी त्यावरून हात फिरवला आणि तळवा माझ्यासमोर धरला. खडूसारख्या भुकटीने पांढरा झाला होता. "घ्या. तुमचा टपबी मास्तरच हाय," म्हणाले.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत रंग मारून मोकळं. थांबाजींनी पहिले दोन दिवस नुसतं धुण्यात घालवले. आधी साबणाचं पाणी, मग थिनरच्या फडक्याने पुसणं. मागच्या मालकाने पॉलिश लावलेलं असेल तर त्यावर रंग धरत नाही, म्हणाले. त्यानंतर पाणी मारत मारत कागदाने घासणं. आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक. हौसेने एक सकाळ मीही घासायला बसलो. त्यांनी मला पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावला, नाकाला उपरणं बांधायला लावलं. "फायबरची धूय लय वाईट. घरी गेल्यावर गरम पान्यानं आंघोय करू नोका, थंड्यानं करजा. नाईतर रातभर खाजवत बससान." मी ऐकलं नाही. गरम पाणी घेतलं, आणि दोन दिवस अंग ओरबाडत बसलो. ते फक्त एवढंच म्हणाले, "मास्तर लोकायले शिकवनं कठीन असते बुवा."

त्याच सकाळी घासता घासता त्यांनी मला एक आनंदाची गोष्ट सांगितली. भाऊसाहेब म्हणून तालुक्यातले एक गाड्यांचे मालक होते. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या त्यांच्या सात गाड्या, आणि सातही गाड्यांना फायबरचे जुने टप. "भाऊसायेब म्हनले, गुरुजीचा टप कसा होते थो पाह्यतो, मंग सातही तुमालेच. सात टप झाले का शेड उभी. मंग बरसातीतबी काम." बोलताना त्यांचा हात मात्र थांबला नव्हता.

टपाला केसासारख्या बारीक भेगा होत्या. थांबाजींनी त्या खोदून मोठ्या केल्या तेव्हा मला धक्काच बसला. पण आतून ओलसर तंतू निघाले. "टप पानी पेला हाय, गुरुजी. हे वायल्याबिगर भरलं त पानी आतच राह्यते. चार दिवस चांगलं ऊन पाह्यजे."

ऊन नव्हतं. परतीच्या पावसाचं आभाळ भरून यायचं, थोडं शिंपडून जायचं. आणि अशोक विजयादशमी सहा दिवसांवर आली होती. नागपूरला माझा पुस्तकांचा स्टॉल लागायचा होता, निळा झगझगीत टप घेऊन मला तिथे उभं राहायचं होतं. मी रोज दोनदा निंबाखाली जाऊ लागलो. थांबाजी भेगांना बोट लावत आणि मान हलवत. चौथ्या दिवशी माझा धीर सुटला.

"आज भरा आणि रंग मारा," मी म्हणालो.

"थांबा जी. पुढच्या साली जाजा निळा टप घेऊन. यंदा तसाच न्या. पुस्तकं काई टप पाहून घेत नाई लोकं."

"जिंदगीभर थांबत राह्यले ना तुमी," मी म्हणालो. "म्हनूनच झाडाखाली राह्यले."

चाळीस वर्षं मी मुलांसमोर बोललो. कुठला शब्द कुठे लागतो हे मला चांगलं कळतं. थांबाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी विटांनी आखलेल्या त्या जागेकडे पाहिलं, मग पेटी उघडली आणि भेगा भरायला घेतल्या. त्या दिवशी भरण आणि प्रायमर, दुसऱ्या दिवशी रंगाचे दोन हात. गाडी नेताना मी जय भीम केला, त्यांनीही केला. एरवी गाडी देताना ते तिच्यावरून शेवटचा हात फिरवत, या वेळी मात्र फिरवला नाही.

नागपुरात पहिला दिवस माझाच होता. ओळखीचे लोक टपाकडे पाहून थबकत. दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं, कडक ऊन पडलं आणि दुपारपर्यंत टपावर पुटकुळ्या आल्या. आधी ज्वारीच्या दाण्याएवढ्या, मग बोराएवढ्या. मी एक नखाने दाबली, तर रंगाचा पापुद्रा सुटला आणि खाली पाण्याचा थेंब. शेजारचा स्टॉलवाला मोठ्याने म्हणाला, "गुरुजी, गाडीले देवी आल्या काय?" सगळे हसले.

नेमके तेव्हाच भाऊसाहेब आले. ठरल्याप्रमाणे टप पाहायला आले होते. त्यांनी पुटकुळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भोवती हसणारी माणसं होती. आणि मी म्हणालो, "मी त त्यायले शंभरदा सांगतलं, घाई करू नोका, चांगलं सुकू द्या. आयकतच नाई. पैशाची घाई, दुसरं काय."

विचार करून बोललो नाही. पण बोलल्यावर विचार करायला भरपूर वेळ होता. भाऊसाहेब अर्धा तास माझ्या स्टॉलवर होते, दोन पुस्तकं घेतली, चहा प्यायले. मी तो शब्द मागे घेतला नाही.

तळेगावला परतलो ते तीन दिवसांनी. थांबाजींनी टपाभोवती एक चक्कर मारली. पुटकुळ्यांना हात लावला, या वेळी डोळे उघडे ठेवून. मी म्हणणार होतो की चूक माझी आहे. त्यांनीच आधी तोंड उघडलं. "चूक माही हाय, गुरुजी. गिऱ्हाईक त घाई करनच. नाई म्हनाचं काम माहं होतं. नाई म्हनता आलं नाई, म्हंजे मी कायचा कारागीर?"

मी ते तसंच राहू दिलं. त्यांनी सगळा टप पुन्हा उघडा केला. अकरा दिवस लावले. मजुरीचा विषय काढू दिला नाही. दर सकाळी भेगांना बोट लावून उन्हात बसायचे, आणि मी आलो की सीटचा तुकडा माझ्याकडे सरकवायचे. या अकरा दिवसांत भाऊसाहेबांचं नाव त्यांच्याही तोंडून निघालं नाही आणि माझ्याही. तो टप आज आठ वर्षांनीही तसाच निळा आहे.

सात टपांचं काम आर्वीच्या कुण्या पेंटरला गेलं, हे मला बाजारात कळलं. मग हळूहळू इतरही गाड्या तिकडे वळल्या. थांबाजींच्या रंगाला फोड येतात, अशी बोली झाली. ती बोली कुठून निघाली हे मला ठाऊक होतं. भाऊसाहेबांच्या घरी एकदा जाऊन यायचं असं मी ठरवायचो. पाडवा झाल्यावर, उन्हाळा झाल्यावर, असं करत वर्षं गेली. थांबाजी लोखंडी फाटकं आणि खिडक्यांचे गज रंगवू लागले. मग गुडघे गेले. निंबाखालच्या विटा कुणीतरी उचलून नेल्या. मी बाजाराच्या दिवशी त्यांच्या घरी डोकावायचो, वाचायला एखादं पुस्तक द्यायचो. पुस्तकाच्या कव्हरवरूनही ते आधी हात फिरवायचे. "छपाई चांगली हाय," म्हणायचे.

या उन्हाळ्यात ते गेले. मुलगी संघमित्रा वर्ध्याला दवाखान्यात नर्स आहे, शेवटचे चार महिने रजा काढून तीच जवळ होती. विहारासमोर मंडप घालून पुण्यानुमोदन केलं. गुरुजी म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोललो. त्यांचा हात, त्यांची सबुरी, कामातला प्रामाणिकपणा. फोडांचा प्रसंगही सांगितला, पण असा की त्यांनी स्वतःची चूक कबूल करून अकरा दिवस राबून काम नव्याने केलं. लोकांचे डोळे ओले झाले. माझेही झाले.

खाली उतरलो तर भाऊसाहेबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "बरोबर बोलले, गुरुजी. मानूस सच्चा होता. नागपूरहून त्याच राती आलो आन् दुसऱ्याच दिवशी त्यायले फोन केलता. म्हटलं, गुरुजी म्हन्ते तुमी घाई केली, खरं काय? मले वाटलं, काई त सफाई देतीन. थे म्हने, 'गुरुजी म्हनले असन त तसंच असन, भाऊसायेब. त्यायनं आपले पोरं शिकवले, खोटं कायले बोलतीन?' मंग मी काम दुसऱ्याले देलं. पन आपली चूक अशी मान्य करनारा आता कोन भेटते?"

म्हणजे मी नागपुरात असतानाच त्यांना सगळं कळलं होतं. मी गाडी घेऊन आलो, त्यांनी टपाला हात लावला, चूक माही म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याबद्दल काय बोललो होतो ते त्यांना ठाऊक होतं. अकरा दिवस सीटचा तुकडा माझ्याकडे सरकवताना ठाऊक होतं. आठ वर्षं माझी पुस्तकं हातात घेताना ठाऊक होतं.

भाऊसाहेबांच्या हातातून मी हात सोडवून घेतला. मी मंडपाच्या मागे गेलो. संघमित्रा भांडी मोजून ठेवत होती. तिला मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. झाडाखाली बोललेलं वाक्य, नागपुरातलं खोटं, सात टप, सगळं. ती हातातलं पातेलं खाली न ठेवता ऐकत राहिली. मला वाटलं, रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या गुरुजी, बाबांच्या मनात काही नव्हतं. खरं सांगायचं तर तेच ऐकायला मी गेलो होतो.

ती म्हणाली, "हे मंघाशी माइकवर बोलाचं होतं, गुरुजी."

मी परत मंडपात आलो. माइकवाला वायर गुंडाळत होता. भाऊसाहेब चपला शोधत होते. खुर्च्यांवर अजून दहा-बारा जण बसले होते. त्यांना मी थांबवलं आणि आवाज जितका चढेल तितका चढवून सांगितलं. मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नसावं. आणि बाकीचे साठ-सत्तर लोक तोवर आपापल्या गावच्या वाटेला लागले होते. हे लिहिलं ते त्यांच्यासाठी.