स्क्रॅपबुकवाल्या चौघींची धडधड

घरच्या फोटोंचं स्क्रॅपबुक म्हटलं की लोकांना वाटतं, काय निवांत छंद आहे! रंगीत कागद कापा, फोटो चिकटवा, कोपऱ्यात एखादं फूल. पण आम्हा चौघींना विचारा. छातीत धस्स झाल्याचे इतके किस्से साठलेत की एखादीचं नाव काढलं तरी दुसरी पदराने घाम पुसते!

आमच्या म्होरक्या सुनंदाताई, चित्रकलेच्या रिटायर्ड शिक्षिका. रोज सकाळी ग्रुपवर त्यांचं नवं चॅलेंज पडतं आणि दुपारी आम्ही त्यांच्या बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलाभोवती जमतो. मी, समोरच्या बिल्डिंगमधली कांचन आणि कुही तालुक्यातल्या शोभामावशी. मावशी इथे लेकीकडे राहतात, त्यांचे यजमान गावी शेती बघतात.

*

चॅलेंज होतं, 'आज एकही फोटो चौकोनी नको.'

मावशींनी आधीच हात जोडले. "जित्या माणसाच्या फोटोले कैची? नाही वं बाई, मले नाही जमत!"

"काही होत नाही हो," म्हणत ताईंनी हैदराबादच्या मुलाचा फोटो गोल कापायला घेतला. आणि कात्री घसरली. डावा कान साफ!

ताई हसल्या. मग हसणं हळूहळू ओसरलं. मग उठून त्यांनी मुलाला फोन लावला.

"अरे, तुझा कान बरा आहे ना?"

"काय?"

"कान! कान!"

"आई, मला काहीच ऐकू येत नाहीये!"

ताई मटकन खालीच बसल्या. नेटवर्कचा प्रॉब्लेम होता, हे कळेपर्यंत मावशींनी देवाला नारळसुद्धा बोलून टाकला होता.

*

'घरातल्या सगळ्यात लहान माणसाचा आकार काढा.' हे चॅलेंज कांचनने फारच मनावर घेतलं.

घरी हॉलमध्ये मोठा कागद अंथरला, त्यावर चार वर्षांच्या लेकीला, पिहूला झोपवलं आणि लाल रंगाने तिच्याभोवती रेघ ओढली. पिहू गार फरशीवर खरोखरच झोपून गेली. कांचन ब्रश सोडून हातानेच रंग भरू लागली.

तेवढ्यात सासूबाई भाजी घेऊन आल्या. त्या रोज टीव्हीवर खुनाच्या सिरियली बघतात. समोर नात निपचित, अंगाभोवती लाल रेघ, सून मनगटापर्यंत लाल आणि शेजारी कात्री!

अशी किंकाळी फुटली की खालून वॉचमन काठी घेऊन धावला. सासूबाई दारातच कोसळल्या, टमाटे जिन्यावरून घरंगळत गेले.

पिहू डोळे चोळत उठली. आडव्या आजीकडे बघितलं आणि आनंदाने ब्रश उचलला.

"आता आजीची पाळी!"

*

आता माझा. माझ्या आईचा एकच फोटो आहे माझ्याकडे. चॅलेंज होतं 'जुनी फ्रेम उघडा'. उघडली, तर फोटो काचेला चिकटलेला! कोपरा जरा ओढून बघितला, तर पदराच्या काठाचा पापुद्रा काचेवरच राहिला. अजून एक बोटभर ओढलं असतं तर आईची हनुवटी गेली असती.

"ओढू नकोस!" ताई ओरडल्या. "काचेवरूनच मोबाइलने फोटो काढ."

कसाबसा काढला. प्रिंट आणून घरी टेबलावर ठेवली. माझी मुलगी बराच वेळ बघत राहिली.

"मम्मी, आजी इतकी घाबरलेली काहून दिसते?"

काचेत माझंच तोंड उमटलं होतं. आईच्या बरोबर तोंडावर!

*

हा पुन्हा कांचनचा. त्या दिवशी पानाच्या मधोमध एकच फोटो लावायचा होता. कांचनने नवऱ्याचा, नीलेशचा फोटो घेतला. तो बुटीबोरीला एका प्लांटमध्ये आहे. तिने फोटोच्या मागे डिंक लावला आणि तेवढ्यात माझ्या मोबाइलवर बातमी आली. बुटीबोरीत आग.

नीलेशचा फोन बंद.

पुन्हा लावला, बंद. त्याच्या मित्राचाही बंद. टीव्हीवर नुसता काळा धूर दिसत होता, प्लांटचं नाव कोणी सांगेना. कांचन मूठ मिटून दाराकडे बघत बसली. मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ताईंनी चहा केला, तो कोणीच प्यायलं नाही.

दिवेलागणीला दारात नीलेश उभा! आग शेजारच्या प्लांटला लागली होती. यांना सगळ्यांना घाईने मैदानात काढलं, फोन आत लॉकरमध्येच राहिले.

कांचन उठली, पण तिची मूठ उघडेना. डिंक वाळून फोटो तळहाताला घट्ट चिकटला होता. नीलेशने तिचा हात कोमट पाण्यात धरला.

"अवं, आलो ना मी! आता तरी सोड मले."

*

आणि हा मावशींचा.

चॅलेंज होतं, 'घरच्या माणसाचा त्याच्या कामाच्या जागी फोटो.' मावशी रविवारी गावी गेल्या, धानाच्या बांधावर यजमानांना उभं करून फोटो काढला आणि प्रिंट घेऊन आल्या. काका अगदी ताठ उभे, तोंडभर हसू.

"जन्मात असे हसले नाहीत!" मावशी लाजून म्हणाल्या.

कांचन कडा कापायला वाकली आणि थांबली.

"मावशी, हे मागचं गवत पाहा ना. गवताले डोळे काहून आहेत?"

आम्ही चौघी वाकलो. काकांच्या मागे, हाकेच्या अंतरावर, पिवळ्या गवतात पट्टे होते. वाघ बसला होता. थेट कॅमेऱ्याकडे बघत!

आणि काका त्या घडीलाही शेतातच होते. ताईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना. पुन्हा लावला.

"हॅलो?"

"अहो, घरी जा! आत्ताच्या आत्ता!" मावशी किंचाळल्या. "त्या फोटोत तुमच्या मांगं वाघ हाये!"



"मालूम हाये," पलीकडून काका म्हणाले. "तू मोबाइलमंदी पाहून राहिली होती, तवा मांगं वळून पाह्यलं अन् दिसला मले."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू पळाली असती ना वं. पळणाऱ्याच्या मांगं येते तो. म्हून मी मधात उभा राह्यलो."

मावशींनी टेबलाची कड घट्ट धरली.

"अन् हसत काहून होते तुम्ही?"

"तू म्हटलं ना, हसा!"