थंड्या जॉबवरचा घाव

शिक्रापूरच्या एका फोर्जिंग शॉपमध्ये, म्हणजे तापलं लोखंड ठोकून घडवायच्या कारखान्यात, मी अकरा वर्षं यंत्राचा हॅमर चालवला. माझं गाव भांडगाव. तिथून रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून हायवेच्या मागं पत्र्याच्या खोलीत आम्ही नवरा-बायको राहायचो. भट्टीतून पिवळाधमक तापलेला पोलादाचा ठोकळा निघायचा. आम्ही त्याला जॉब म्हणायचो. त्याला लांब दांडा जोडलेला असायचा. तो साखळीवर तोलून ऐरणीवर आणायचा आणि वरून हॅमरचे घाव घालून, लांबवत त्याचा यंत्रात बसणारा शाफ्ट घडवायचा. घाव बसला की रस्त्यापलीकडच्या टपरीतले चहाचे ग्लास थरथरायचे. तोंडानं बोललेलं कुणालाच ऐकू जात नसे, म्हणून सगळं खुणांवर चालायचं. मिस्त्रीनं एक बोट दाखवलं की हलका घाव, मूठ दाखवली की भारी, पंजा उघडला की थांब.

मिस्त्री यवतचे, बौद्धवाड्यातले. पन्नाशी उलटलेली. तरुणपणी दौंडला रेल्वेच्या कामावर ठेकेदाराच्या हाताखाली घण मारून शिकलेले. लिव्हर माझ्या हातात असायचा आणि दांडा त्यांच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "सायब येऊ दे न्हाईतर मालक येऊ दे. तू माझ्या हाताकडं बघायचं. दुसरीकडं न्हाई."

मी सहा वर्षं तसंच केलं.

त्या दिवशी साखर कारखान्याचा एक मोठा शाफ्ट चालला होता. माल न्यायला ट्रक दुपारपासून फाटकात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागलेला. जॉब एका टोकाला निवून लाल पडत चालला होता. मिस्त्रींनी भट्टीवाल्या बिहारी गड्याला झाकण उघडायची खूण केली, म्हणजे जॉब पुन्हा तापवायचा. तेवढ्यात आमचा सुपरवायझर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तो माझ्याच भावकीतला. त्यानंच मला इथं लावलेलं. तो मूठ दाखवून कानाशी ओरडला, "दोन घावात होतंय रे! मार!"

समोर मिस्त्रींचा पंजा उघडा होता. मला तो स्वच्छ दिसत होता. धूर नव्हता, घाम डोळ्यांत गेला नव्हता. पुढं पुष्कळ वेळा मी स्वतःला तसं सांगून पाहिलं, पण ते खोटं आहे. मी पंजा पाहिला, सुपरवायझरची मूठ पाहिली आणि लिव्हर दाबला.

मिस्त्री जॉब भट्टीकडं वळवत होते, त्यामुळे तो ऐरणीवर तिरपा टेकला होता. थंड लोखंड दबलं नाही. जॉब उसळला आणि दांड्याचं मागचं टोक मिस्त्रींच्या कमरेत बसलं. ते ओरडले असतील, मला ऐकू आलं नाही. मी हॅमर बंद केला तेव्हा ते खाली बसले होते, जणू दमून बसलेत असे, आणि भट्टीवाला त्यांच्या काखेत हात घालून म्हणत होता, "उठना मत, मिस्त्री, उठना मत."

खुब्याचं हाड मोडलं होतं. पोटात रक्त साचलं होतं. पुण्याला हलवलं, ऑपरेशन झालं, जीव वाचला.

त्याच संध्याकाळी सुपरवायझरनं मला ऑफिसात बोलावलं. कागद लिहून तयार होता. मिस्त्रीनं भारी घावाची खूण केली, म्हणून मी घाव मारला, असं त्यात होतं.

"मी कुठं असली खूण पाहिली?" मी म्हणालो.

"मग काय लिहू? खूण नसताना तू मारलास, असं? आत जाशील. घरी पोटुशी बायको हाय तुझ्या."

मी सही केली. भट्टीवाल्यानं सगळं पाहिलं होतं. तो सही करीना, तेव्हा त्याचा हिशेब करून त्याला गावी धाडलं.

मिस्त्री घरी आल्यावर मी यवतला गेलो. ते खाटेवर पडून होते. त्यांची बायको चहा करायला आत गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "कागदावर माझा हात चुकला म्हनं."

मी मान खाली घातली.

"तू बघितलं व्हतंस?"

"व्हय."

"आन् तरी मारलंस."

"व्हय, मिस्त्री."

चहा आला, आम्ही प्यायलो.

मी दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी जाऊ लागलो. त्यांना काठीवर ओट्यापर्यंत न्यायचो, दवाखान्याच्या गाडीत बसवायचो. त्यांची मुलगी दौंडला शाळेत शिकवायची. ती वडलांना आप्पा म्हणायची आणि मला मामा. मिस्त्रींच्या बायकोनं माझ्या मुलीला दुपटं शिवून दिलं. त्या घरात मी पोटभर जेवलो. मला वाटायचं, मिस्त्रींनी सगळं सांगितलंय आणि या माणसांनी मला पदरात घेतलंय. विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

असं चार वर्षं चाललं. मग एका थंडीत मिस्त्रींच्या छातीत कफ भरला आणि ते गेले.

पुण्यानुमोदनाला विहारात बरीच माणसं आली होती. वंदना झाल्यावर एकेक जण बोलायला उठला. शॉपमधला एक जुना कामगार म्हणाला, "मिस्त्रींचा हात एकदाच चुकला, पण त्या चुकीनं घात केला." समोर बसलेल्या मिस्त्रींच्या बायकोनं मान हलवली. तिला हे आधीच ठाऊक असल्यासारखी.

मी उठलो. "त्यांचा हात चुकला नाही," मी म्हणालो. "त्यांनी पंजा उघडला होता. मी पाहूनही घाव मारला आणि खोट्या कागदावर सही केली."

मिस्त्रींची बायको माझ्याकडं बघत राहिली. मग शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, "ह्यांनी घरात कवा सांगितलं न्हाई. माझीच चूक झाली, म्हणायचे. मीसुदिक बोलले त्यांना. लई बोलले."

मी चप्पल शोधत बाहेर आलो. त्यांची मुलगी मागून आली. मला वाटलं, ती रडेल, शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "आप्पांना तुम्ही कधी सांगितलं होतं, की बाहेर खरं बोलेन म्हणून?"

"न्हाई."

"त्यांनी मागितलं होतं?"

"एकदाही न्हाई."

आत जेवणाच्या पंगती बसत होत्या. कुणीतरी पाण्याचे जग आणत होतं.

"यापुढं येऊ नका, मामा," ती म्हणाली आणि वाढायला आत गेली.

मी स्टँडपर्यंत चालत आलो. पुढच्या गुरुवारी सकाळी आवरून खोलीत बसलो होतो. बायकोनं विचारलं, "आज जायचं न्हाई का?" मी तिला सगळं सांगितलं. तिलाही तोवर माहीत नव्हतं.